वाचकांचे प्रश्न : 'डॉग सोल्जर' हे नाव आले कुठून?

अमेरिकेच्या मध्यभागातल्या गवताळ मैदानांवर राहणाऱ्या शायेन लोकांचा 'डॉग सोल्जर' हा योद्धासंघ इतिहासात गाजला. त्याच्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांची उत्सुकता नावाबद्दल आहे, म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : 'डॉग सोल्जर' म्हणजे शब्दशः कुत्रे-सैनिक. एवढ्या शूर लोकांनी स्वतःला असे नाव घेतले, की गोऱ्यांनी हिणवण्यासाठी ते चिकटवले?

हे नाव दोन तुकड्यांचे आहे आणि दोन्ही तुकड्यांचे धनी वेगळे आहेत. 'डॉग' शायेनांचे, 'सोल्जर' बाहेरच्यांचे. शायेन भाषेत या संघाचे नाव 'होतामेतानेओ'. 'होतामे' म्हणजे कुत्रा, 'हेताने' म्हणजे पुरुष, आणि शेवटचा 'ओ' अनेकवचनाचा. शब्द सांधताना मधला 'हे' गळून पडतो. अर्थ उरतो 'श्वानपुरुष'. सैनिक, शिपाई, योद्धा असे काहीही मूळ नावात नाही. 'होतामे' हा शब्दही जुना आहे. शायेन ही अल्गाँकियन कुळातली भाषा. त्याच कुळातल्या क्री भाषेत कुत्र्याला 'अतिम' म्हणतात आणि दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत.

'सोल्जर' आले व्यापाऱ्यांमुळे. मैदानी जमातींमध्ये योद्धासंघ आळीपाळीने छावणीची शिस्त सांभाळत. शेजारच्या लाकोटा जमातीच्या भाषेत अशा पहारेकऱ्यांना 'अकिचिता' म्हणतात. मिसुरी नदीच्या खोऱ्यात फिरणारे फ्रेंच व्यापारी त्यांना 'सोल्दा' म्हणू लागले, इंग्रजीत त्याचे 'सोल्जर' झाले, आणि मग शायेनांच्या सगळ्याच संघांना ही शेपटी लागली: फॉक्स सोल्जर, एल्क सोल्जर, बोस्ट्रिंग सोल्जर, डॉग सोल्जर. 'सोल्जर' या शब्दाच्या पोटात 'सॉलिडस' हे रोमन नाणे आहे, म्हणजे मुळात तो पगारी माणूस. श्वानपुरुषांना पगार नव्हता, गणवेश नव्हता, वरून हुकूम देणारा अधिकारी नव्हता. तरुण मुलगा आपल्या मर्जीने संघ निवडत असे. मराठीत शिपाई आणि लढवय्या यांत जो फरक आहे, तोच इथे लागू पडतो.

आता कुत्रा का. ज्याच्या भाषेत 'कुत्रा' ही शिवी आहे, त्याला हे नाव खटकणारच. पण शायेनांचा इतिहास घोड्यापासून सुरू होत नाही. आजच्या मिनेसोटात आणि नंतर नॉर्थ डकोटात शेयेन नदीच्या काठी ते मातीच्या घरांत राहत होते, मका पिकवत होते. घोडे त्यांच्याकडे अठराव्या शतकात आले. त्याआधी ओझे वाहणारे एकमेव जनावर म्हणजे कुत्रा. दोन काठ्या त्याच्या खांद्यांशी बांधायच्या, मागची टोके जमिनीवर घासत ठेवायची, मध्ये आडव्या काठ्यांची चौकट करून सामान लादायचे. या घसरगाडीवर एक दणकट कुत्रा वीस-पंचवीस किलो ओढू शके. रात्री हाच प्राणी परक्याची चाहूल सर्वांत आधी देई. शेजारच्या भाषांनी तर नव्याने आलेल्या घोड्यालाही कुत्र्याच्याच मापाने मोजले: लाकोटांनी त्याला 'शुंका वाकान', म्हणजे पवित्र कुत्रा म्हटले, आणि ब्लॅकफूट लोकांनी एल्क-कुत्रा (एल्क म्हणजे मोठे हरीण). कुत्र्याची किंमत काय होती ते या दोन शब्दांतून दिसते.

संघाच्या स्थापनेची कथा शायेन वृद्धांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंद करणाऱ्यांना सांगितली. एका तरुणाला नवा संघ काढायचा होता, पण त्याच्या शब्दाला वजन नव्हते. लोक हसले. रात्री तो गाऊ लागला, तेव्हा गावातली सगळी कुत्री, पिल्लांसकट, त्याच्यामागे चालू लागली. गावाबाहेर ती त्याच्याभोवती बसली, माणसांच्या रूपात आली, आणि संघाची गाणी, नाच व पोशाख त्यांनीच त्याला दिले. लोक शोधत आले, त्यांनी हे पाहिले आणि मग संघात माणसे दाखल झाली. म्हणजे शायेनांच्या मते कुत्री या संघाचे गुरू आहेत. जेजुरीच्या खंडोबाचा वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

प्रश्न : 'शायेन' हे नावच फ्रेंच 'श्यँ', म्हणजे कुत्रा, यावरून आले असे वाचले. ते बरोबर आहे का?

नाही. ही चूक फार पसरलेली आहे आणि ती का होते तेही कळते: एकीकडे डॉग सोल्जर प्रसिद्ध, दुसरीकडे फ्रेंच शब्दाचा आवाज जवळचा. पण तपासून पाहिले की ही व्युत्पत्ती टिकत नाही. पहिली गोष्ट, पुल्लिंगी फ्रेंच शब्दाचा उच्चार 'श्यँ', अनुनासिक. 'शायेन'शी त्याहून जास्त जुळतो तो स्त्रीलिंगी 'श्येन', म्हणजे कुत्री. एका जमातीला व्यापाऱ्यांनी स्त्रीलिंगी नाव का द्यावे? दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. डकोटा भाषेत या लोकांचे नाव 'शाहियेना' आहे. 'शाहिया' हे परकी बोली बोलणाऱ्या एका लोकसमूहाचे डकोटा नाव, आणि '-ना' हा लहानपण दाखवणारा प्रत्यय. 'धाकटे शाहिया' असा अर्थ. फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी हे नाव शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकले आणि तसेच उचलले. शायेन स्वतःला 'त्सित्सिस्तास' म्हणवतात. तिथे कुत्र्याचा संबंध नाही.

असे नाव तपासण्याचा क्रम कायम हाच ठेवावा: आधी ते नाव कोणाच्या भाषेत घडले ते पाहायचे, मग त्या भाषेत त्याचे तुकडे अर्थासह सुटतात का ते पाहायचे, आणि आवाजाच्या साम्याला सर्वांत शेवटी विचारायचे. उलट क्रमाने गेले की 'श्यँ' सारख्या गोष्टी जन्माला येतात.

प्रश्न : 'होतामेतानेओ' याचा उच्चार नेमका कसा? देवनागरीत कसे लिहावे?

शायेन लिपीत फक्त १४ अक्षरे आहेत आणि त्यांत स्वर तीन: आ, ए, ओ. 'ए' लिहिलेला स्वर ऐकायला आपल्या ऱ्हस्व 'इ'च्या जवळ असतो. म्हणून कानाला 'होतामितानिओ' असे काहीसे लागते. शेवटच्या 'ओ'च्या आधी घसा क्षणभर बंद होतो, दोन 'ओ' तोडून म्हटल्यासारखे. शिवाय या भाषेत स्वरांची उंची अर्थाला महत्त्वाची असते. या शब्दात 'मे' उंच सुरात जातो. मराठीत नसलेली आणखी एक सवय म्हणजे कुजबुजते स्वर. शब्दाच्या शेवटचा स्वर नुसत्या श्वासाने म्हणतात, आवाज लावत नाहीत. नवख्या कानाला तो स्वर नाहीच असे वाटते आणि जुन्या नोंदींमध्ये शब्दांची शेपटे तुटलेली दिसतात ती यामुळेच.

लिहिताना मूळ लेखनाप्रमाणे 'होतामेतानेओ' ठेवावे असे आमचे मत आहे. उच्चारानुसार प्रत्येकाने वेगळे लिहिले तर शोधणाऱ्याला एकच शब्द पाच ठिकाणी सापडेल.

प्रश्न : हे योद्धे स्वतःला दोरीने जमिनीला बांधून लढत आणि मरेपर्यंत हलत नसत, हे खरे की दंतकथा?

खरे आहे, पण सांगताना त्यातले तीन-चार तपशील हमखास चुकतात.

ती दोरी नसून पट्टा असे. इंग्रजीत त्याला 'डॉग रोप' म्हणतात. कमावलेल्या कातड्याचा, साधारण वीतभर रुंद आणि ८ ते १० फूट लांब. एका टोकाजवळ उभा काप दिलेला असे, त्यातून डोके घालायचे. पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या काखेखाली जाई आणि उरलेला भाग मागे लोळत राही. त्यावर साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांचे भरतकाम आणि गरुडाची पिसे. मोकळ्या टोकाला लाल रंगवलेली लाकडी खुंटी. ही खुंटी जमिनीत ठोकली की माणूस पट्ट्याच्या लांबीएवढ्या वर्तुळात अडकला.

पट्टा सगळ्यांना नसे. संघातल्या चारच माणसांना तो मिळे, आणि ते चार सर्वांत शूर म्हणून संघाने निवडलेले असत. शायेनांच्या सगळ्या व्यवहारात चार हा आकडा येतो: पवित्र बाण चार, आणि जमातीचे सल्लागार ४४, म्हणजे १० पोटगटांतून प्रत्येकी चार आणि वर चार ज्येष्ठ.

खुंटी लढाईच्या सुरुवातीलाच ठोकत असत, हाही गैरसमज. हल्ल्याच्या वेळी पट्टेवाला इतरांसारखाच घोड्यावर असे. आपली माणसे मागे हटू लागली, शत्रू पाठीवर आला, बायका-मुले किंवा जखमी मागे राहिले, अशा वेळी तो खाली उतरे आणि खुंटी ठोके. त्याचे काम म्हणजे इतरांना निसटायला वेळ मिळवून देणे. मागे हटणारे योद्धे त्याला पाहून पुन्हा वळत, हाही उपयोग होता.

आणि मरण ठरलेले नव्हते. बाकीचे सुरक्षित झाले की साथीदार परत येऊन खुंटी उपटू शकत आणि चाबकाने मारून त्याला तिथून हाकलत, जसे कुत्र्याला हाकलतात तसे. या चाबकाचा अर्थ लक्षात घ्यायला हवा. स्वतःहून खुंटी काढणे ही नामुष्की. साथीदारांनी हाकलले तर शपथ मोडत नाही. मरणाची शपथ आणि जगण्याची वाट दोन्ही एकाच नियमात बसवलेल्या आहेत. आमच्या मते या संघाच्या रीतींत सर्वांत शहाणपणाची रीत हीच. ११ जुलै १८६९ रोजी समिट स्प्रिंग्जच्या लढाईत मात्र हाकलायला कोणी उरले नव्हते. तिथे पट्टा घातलेला एक योद्धा खुंटी ठोकून लढला आणि तिथेच पडला.

असा पट्टा फक्त शायेनांचा नव्हता. कायोवा जमातीत 'कोइत्सेन्को' नावाचा दहा जणांचा संघ होता, त्याच्या नावातही कुत्रा आहे आणि त्यांच्यातही पट्टे होते. हिदात्सा लोकांतही श्वानसंघ होता. स्विस चित्रकार कार्ल बोडमर याने १८३४ च्या हिवाळ्यात रंगवलेले तिथल्या श्वाननर्तकाचे चित्र आजही मैदानी जमातींच्या प्रत्येक चित्रसंग्रहात दिसते. गंमत अशी की ते चित्र अनेकदा शायेन डॉग सोल्जर म्हणून छापले जाते. ते चुकीचे आहे. शायेन श्वानपुरुषाच्या वेषात उभ्या पिसांचे शिरस्त्राण, गळ्यात पक्ष्याच्या हाडाची शिटी, हातात सापाच्या आकाराचा खुळखुळा आणि कमरेला चार स्कंकच्या कातड्यांचा पट्टा असे.

प्रश्न : काही ठिकाणी डॉग सोल्जर हा संघ म्हटला आहे, काही ठिकाणी वेगळी टोळी. नक्की काय?

आधी संघ, नंतर पोटगट. हा बदल कसा झाला ते सांगितल्याशिवाय १८६० च्या दशकातली युद्धे कळत नाहीत.

शायेनांचे योद्धासंघ पोटगटांना आडवे छेदणारे होते. एका पोटगटातले दोन सख्खे भाऊ दोन वेगळ्या संघांत असू शकत. लग्नानंतर मुलगा बायकोच्या माणसांत राहायला जाई, त्यामुळे एकाच संघाचे सभासद साऱ्या जमातीत विखुरलेले असत. उन्हाळ्यात सगळी जमात एकत्र आली की संघ एकत्र येत, शिकारीची शिस्त राखत. बायसनच्या, म्हणजे तिथल्या रानगव्यासारख्या जनावराच्या, सामूहिक शिकारीत कोणी आगाऊपणे पुढे गेला तर कळप बिथरे आणि सगळ्यांची उपासमार होई. म्हणून अशा माणसाला चाबकाने मारत, त्याचे धनुष्य मोडत, घोडा मारत. त्याने चूक मान्य केली की त्याला घोडा आणि शस्त्रे पुन्हा देतही असत.

१८३७ मध्ये बोस्ट्रिंग संघाचे ४८ योद्धे कायोवांच्या हातून मारले गेले. सूड घेण्यासाठी पॉर्क्युपाइन बेअर हा श्वानपुरुषांचा पुढारी युद्धाची चिलीम घेऊन गावोगाव फिरत होता. एका मुक्कामी व्यापाऱ्यांकडून दारू आली, भांडण झाले आणि त्यात त्याने लिटल क्रीक नावाच्या शायेन माणसाला भोसकले. शायेन कायद्यात स्वकीयाचा खून म्हणजे पवित्र बाणांवर रक्त. खुन्याला जमातीबाहेर काढतात आणि बाणांचा शुद्धिविधी होईपर्यंत मोहीम निघत नाही. पॉर्क्युपाइन बेअरला बाहेर काढले. त्याचे नातलग आणि संघातले बरेच जण त्याच्यामागे गेले आणि वेगळा मुक्काम करू लागले. पुढच्याच वर्षी, १८३८ मध्ये, वुल्फ क्रीकच्या लढाईत याच बहिष्कृतांनी सर्वांत आधी शत्रूवर घाव घातला, पण बहिष्कृत म्हणून त्या पहिल्या घावाचा मान त्यांना मिळाला नाही.

१८४९ मध्ये पटकीची साथ आली. मासिकोता नावाचा पोटगट तिच्यात जवळजवळ संपला आणि उरलेले लोक श्वानपुरुषांना येऊन मिळाले. इथून पुढे डॉग सोल्जर हा बायका-मुलांसह राहणारा स्वतंत्र पोटगट झाला. रिपब्लिकन आणि स्मोकी हिल या नद्यांमधला, आजच्या कॅन्सस, नेब्रास्का आणि कोलोरॅडो यांच्या सीमेवरचा मुलूख त्यांचा. लाकोटांशी त्यांची लग्ने झाली. श्वानपुरुषांत मात्र मुलगा बायकोच्या घरी जात नसे. बायका इकडे येत. जमातीच्या मंडपवर्तुळात संघ स्वतःची जागा धरून बसला, असे दुसऱ्या कोणत्याही शायेन संघाचे झाले नाही.

२९ नोव्हेंबर १८६४ ला सँड क्रीकवर कर्नल चिव्हिंग्टनच्या फौजेने शांतताप्रिय मुखिया ब्लॅक केटलच्या छावणीवर हल्ला करून सुमारे २३० माणसे मारली, त्यांत बहुतांश बायका, मुले आणि वृद्ध. डॉग सोल्जर त्या छावणीत नव्हते. पण तहाची भाषा बोलणाऱ्यांच्या पदरी काय पडले हे सगळ्या जमातीने पाहिले, आणि तरुण मंडळी श्वानपुरुषांकडे वळली. पुढची पाच वर्षे टॉल बुल, बुल बेअर आणि व्हाइट हॉर्स यांच्या नेतृत्वाखाली ते लढत राहिले. समिट स्प्रिंग्जला मेजर यूजीन कार याच्या ५ व्या घोडदळाने, पॉनी जमातीच्या टेहळ्यांच्या मदतीने, त्यांची ८४ टिपींची (कातडी तंबूंची) छावणी उद्ध्वस्त केली. टॉल बुल मारला गेला आणि पोटगट म्हणून त्यांचा दबदबा तिथे संपला. संघ मात्र संपला नाही. ओक्लाहोमातल्या शायेनांत तो आजही आहे आणि त्याचे विधी चालतात.

प्रश्न : रोमन नोज हा डॉग सोल्जरांचा सर्वांत मोठा पुढारी होता ना?

नाही. तो उत्तरेकडच्या शायेनांतला, आणि त्याचा संघ एल्कशिंगाचा. १७ सप्टेंबर १८६८ ला बीचर बेटाच्या लढाईत तो डॉग सोल्जरांबरोबर लढताना मेला, म्हणून ही गल्लत होते. तो मुखियाही नव्हता. त्याच्या शौर्यामुळे लोक त्याच्यामागे जात. आणखी एक गल्लत 'क्रेझी डॉग' या संघाशी होते. तो उत्तर शायेनांचा निराळा संघ आहे.

प्रश्न : त्यांच्याशी लढणाऱ्या अमेरिकी फौजांनाही टोपणनावे होती. 'बफेलो सोल्जर' हे नाव शायेनांनीच दिले का?

'बफेलो सोल्जर' म्हणजे १८६६ पासून उभारलेल्या कृष्णवर्णीय पलटणी: ९ वे आणि १० वे घोडदळ, आणि १८६९ च्या फेररचनेनंतर २४ वे आणि २५ वे पायदळ. नाव देण्याचे श्रेय कधी शायेनांना दिले जाते, कधी कोमांचींना. हातात असलेला जुना पुरावा म्हणजे १८७२ मध्ये इंडियन टेरिटरीतल्या कॅम्प सप्लाय इथून एका अधिकाऱ्याच्या पत्नीने लिहिलेले पत्र. तिच्या म्हणण्याप्रमाणे 'इंडियन' त्यांना असे म्हणतात, कारण त्यांचे कुरळे केस बायसनच्या शिंगांमधल्या दाट केसांसारखे दिसतात. शौर्यामुळे नाव दिले ही समजूत नंतरची आहे. तिच्या मुळाशी सैनिकांचा स्वतःचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही: १० व्या घोडदळाने पुढे आपल्या मानचिन्हावर बायसन घेतला. पण व्युत्पत्ती आणि अभिमान या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

शायेन भाषेतली बाजू इथे मोलाची आहे. गोऱ्या माणसाला तिथे 'वेहोए' म्हणतात; हाच शब्द कोळ्यालाही आहे आणि कथांमधल्या फसव्या पात्रालाही. अमेरिकी सैनिक झाला 'नोताखेवेहोए', म्हणजे योद्धा-वेहोए. कृष्णवर्णीय माणूस 'मोओख्तावेहोए', म्हणजे काळा वेहोए. शायेनांच्या दृष्टीने काळे आणि गोरे दोघेही एकाच परक्या घरचे, हे त्या शब्दातच आहे. आणि पहिल्या उत्तरातल्या गोष्टीची दुसरी बाजूही इथे दिसते: व्यापाऱ्यांनी शायेन योद्ध्याला आपला 'सोल्जर' शब्द लावला, तर शायेनांनी अमेरिकी सोल्जरला आपला 'नोताखे', म्हणजे योद्धा, हा शब्द लावला.

दोन्ही नावे बीचर बेटावर समोरासमोर आली. मेजर फोर्सिथ आणि त्याचे सुमारे ५० टेहळे ॲरिकरी नदीतल्या वाळूच्या बेटावर शायेन, लाकोटा आणि अरापाहो योद्ध्यांनी कोंडले. नवव्या दिवशी, २५ सप्टेंबरला, त्यांच्या सुटकेसाठी सर्वांत आधी पोहोचली ती कॅप्टन कार्पेंटरची १० व्या घोडदळाची तुकडी, म्हणजे बफेलो सोल्जर.

बाकीची टोपणनावे थोडक्यात. सँड क्रीकवर गेलेली तिसरी कोलोरॅडो घोडदळ पलटण १८६४ च्या ऑगस्टमध्ये १०० दिवसांसाठी भरती केली होती. लढाई न करताच मुदत संपत आली म्हणून डेन्व्हरमध्ये लोक तिला 'रक्तहीन तिसरी' म्हणून हिणवत. त्या टोमण्याचा सूड बेसावध छावणीवर उगवला गेला असे अनेक इतिहासकार मानतात, आणि आम्हालाही ते पटते. 'गॅल्व्हनाइज्ड यँकी' म्हणजे अमेरिकी यादवी युद्धात युद्धकैदी झालेले दक्षिणेचे सैनिक, ज्यांनी सुटकेसाठी उत्तरेचा निळा गणवेश घातला. लोखंडावर जस्ताचा मुलामा देतात तसे: वरून निळे, आत दक्षिणेचेच. त्यांच्या सहा पलटणी १८६४ ते १८६६ मध्ये मैदानी ठाण्यांवर होत्या.

प्रश्न : 'डेव्हिल डॉग', 'डॉगफेस', 'डॉग टॅग' या सैनिकी शब्दांचा डॉग सोल्जरांशी संबंध आहे का?

कोणाचाही नाही. 'डॉगफेस' हे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी पायदळ सैनिकाचे नाव. 'डॉग टॅग' म्हणजे ओळखीचा बिल्ला. अमेरिकी लष्कराने तो १९०६ मध्ये अधिकृत केला आणि पाळीव कुत्र्याच्या गळ्यातल्या बिल्ल्याशी असलेल्या साम्यावरून नाव पडले.

'डेव्हिल डॉग' हे अमेरिकी मरीन सैनिकांचे नाव थोडे लांबवून सांगण्यासारखे आहे. जून १९१८ मध्ये बेलो वुडच्या लढाईत जर्मनांनी घाबरून त्यांना 'सैतानाचे कुत्रे' म्हटले, असे सर्रास सांगतात. तारखा लावून पाहिल्या की गोष्ट कोसळते: हे नाव अमेरिकी वृत्तपत्रांत एप्रिल १९१८ मध्येच छापून आले होते, लढाईच्या आधी. भाषाही बोलते. भरतीच्या भित्तिपत्रकावर 'टॉयफेल हुंडेन' असे छापले होते. जर्मन माणूस 'टॉयफेल्सहुंडे' म्हणेल. शत्रूने दिलेले नाव शत्रूच्या व्याकरणात बसत नसेल, तर ते घरातच तयार झालेले असते.

अमेरिकी शिपायाचे 'जीआय' हे नावही इथेच सांगून टाकतो, कारण त्यातही जस्त आहे. लष्कराच्या सामानयादीत कचऱ्याच्या डब्यांपुढे 'गॅल्व्हनाइज्ड आयर्न'ची आद्याक्षरे लिहीत. पुढे लोकांनी त्यांचा अर्थ 'गव्हर्नमेंट इश्यू', म्हणजे सरकारी वाटपाची वस्तू, असा लावला, आणि तिथून ते शिपायालाच चिकटले.

प्रश्न : मी शायेन इतिहासावरचा लेख मराठीत आणतो आहे. 'डॉग सोल्जर'चे भाषांतर काय करू?

पहिल्या उल्लेखात 'होतामेतानेओ, म्हणजे श्वानपुरुष. इंग्रजीत डॉग सोल्जर' असे तिन्ही एकदा द्या. नंतर 'श्वानपुरुष' किंवा 'डॉग सोल्जर' यांपैकी एक धरून ठेवा आणि अधेमधे बदलू नका. 'कुत्रे-सैनिक' टाळा, त्यात मराठी शिवीचा वास येतो आणि मूळ नावात नसलेला सैनिकही घुसतो. 'श्वानपथक' तर मुळीच नको, त्यावरून वाचकाला पोलिसांचे माग काढणारे कुत्रे आठवतील. 'टोळी' हा शब्दही जपून वापरा. मराठीत टोळी दरोडेखोरांची असते. जमातीच्या भागाला 'पोटगट' म्हणा आणि 'सोसायटी'ला 'संघ'. १८३७ पूर्वीच्या प्रसंगांत फक्त 'संघ' लिहा. १८४९ नंतरच्या प्रसंगांत 'पोटगट' लिहिले तरी चालेल. 'चीफ'ला 'राजा' किंवा 'सरदार' करू नका. शायेन मुखियाकडे दंडाची सत्ता नव्हती. ती संघांकडे होती. 'स्क्वॉ' आणि 'ब्रेव्ह' हे जुन्या इंग्रजी मजकुरातले शब्द सरळ 'स्त्री' आणि 'योद्धा' असे करा. आणि मूळ मजकूर १८६० च्या दशकातल्या अमेरिकी वृत्तपत्रातला असेल तर आणखी एक काळजी घ्या: तिथे शस्त्र हाती घेतलेल्या कोणत्याही मैदानी माणसाला 'डॉग सोल्जर' म्हटलेले असते. प्रसंगाची जागा, वर्ष आणि पुढाऱ्याचे नाव जुळवून पाहिल्याशिवाय तिथे 'श्वानपुरुष' लिहू नका.